कोटाचं टोक

बेंडर वेल गावात ऑरिन टीगला कुणी रिव्हॉल्व्हरशिवाय पाहिलेलं नव्हतं. उजव्या कमरेला, चामड्याच्या म्यानात, येणाऱ्याजाणाऱ्याला सरळ दिसेल असं. दूध आणायला जाताना, चर्चला जाताना, अगदी स्वतःच्या मुलीच्या लग्नातसुद्धा. फक्त पोस्टात शिरताना काढून गाडीत ठेवायचा, कारण पोस्ट सरकारचं, आणि तिथे हत्यार चालत नाही. तेवढ्या पाच मिनिटांत त्याची चाल बिघडायची. उजवा पाय उगाच हलका पडायचा.

धंदा पवनचक्क्यांचा. आसपासच्या साठ मैलांतल्या गुरांच्या कुरणांवर विहिरी, विहिरींवर पवनचक्क्या, आणि त्या बंद पडल्या की ऑरिन. चाळीस वर्षं तो शिड्या चढला. पायथ्याशी सावलीला शेपटी खुळखुळवणारे विषारी साप बसलेले असायचे, म्हणून रिव्हॉल्व्हर. पण सापांचं निमित्त पहिल्या वर्षाचं. पुढे ते त्याचं नाक-डोळ्यांसारखं झालं.

त्याची एक सवय सगळ्या गावाला पाठ होती. थंडीत कोट घातला की दारातून बाहेर पाऊल टाकतानाच त्याचा उजवा हात कोटाचं टोक रिव्हॉल्व्हरच्या मागे सारायचा. जुन्या काळचा कायदाच तसा होता. हत्यार दिसलं तर ठीक. कोटाचं टोक नुसतं त्याच्यावर आलं, तरी लपवलं म्हणून गुन्हा. तो कायदा कधीच गेला, आता कुणी काही लपवा, कुणी विचारत नाही. ऑरिनचा हात मात्र सारतच राहिला.

"ज्याच्या मनात काही नाही तो दाखवतो," तो म्हणायचा. "झाकतो तो लबाड."

हे तो म्हणायचा ट्वायलाच्या हॉटेलात, सकाळी सातला, आणि म्हणायचा कुकोला उद्देशून. कुको म्हणजे रेफुहिओ बुस्तामांते, मेक्सिकन घरातला, खोगीर बनवणारा. कमरेचं म्यान शिवावं तर त्यानेच. तीन गावांतले लोक त्याच्याकडे यायचे, ऑरिनचंही त्यानेच शिवलेलं. आणि हा गृहस्थ स्वतः मात्र आपलं पिस्तूल विजारीच्या आत खोचून वर ढगळ शर्ट सोडायचा. परवान्यांची सोय झाली त्याच वर्षी रीतसर वर्गात बसून, परीक्षा देऊन लपवून बाळगायचा परवाना काढलेला.

"आज कुणाचा झगा घालून आलास रे? बायकोचा?" ऑरिन विचारायचा.

"तुझा चोर आला ना, की पहिली गोळी तुला घालेल," कुको हिरव्या मिरचीचा बरीटो चावत म्हणायचा. "पाटी लावून बसलायस, 'आधी मला मारा'. मी मागून निवांत उठेन."

"लपून मारणार! शोभतं तुला!"

"जिवंत तर असेन."

ट्वायला कॉफीचं भांडं घेऊन दोघांच्या मधून जायची आणि म्हणायची, "गेली तीस वर्षं चोर काही येत नाही. तुमची बडबड ऐकूनच पळत असेल मेला."

आणि मग कुणी नवा माणूस बसलेला असला की ऑरिन एकोणऐंशी सालची गोष्ट काढायचा. दोघं तेव्हा ऐन तिशीत, एकाच गाडीतून विहिरीवरून परतत होते, कडाक्याची थंडी. वाटेत एका पोलिसाने गाडी थांबवली, दोघांना खाली उतरवलं. "आणि ह्या शहाण्याचा कोट पुढे आलेला!" ऑरिन टेबलावर हात आपटायचा. "रिव्हॉल्व्हर झाकलेलं! घातल्या की बेड्या. दोन दिवस कोठडीत. हत्यार गेलं ते गेलंच. अरे, कोटाचं टोक तेवढं मागे सारायचं होतं!" सगळे हसायचे. कुकोही हसायचा, म्हणजे ओठ हलवायचा. आम्ही सगळ्यांनी ती गोष्ट शंभरदा ऐकली असेल आणि शंभरदा हसलो असू.

ऑरिन चौऱ्याहत्तरचा झाला त्या साली टूसॉनच्या डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, नेडीनला, बाजूला घेऊन सांगितलं की विसरणं आता वाढत जाणार. औषध आहे, पण ते धरून ठेवण्यापुरतं. घरी आल्यावर नेडीनने त्याला स्वयंपाकघरात बसवलं.

"गाडीची चावी विसर, माझं नाव विसर, मी बघून घेईन," ती म्हणाली. "पण हे," तिने त्याच्या कमरेकडे बोट केलं, "एकदा, फक्त एकदा कुठे ठेवून आलास, की तिजोरीत जाणार. आणि आकडा मी बदलणार. कबूल?"

"मी हे विसरेन? वेड लागलंय तुला."

"कबूल का, ते सांग."

"कबूल," ऑरिन म्हणाला. त्याने आजवर दिलेला शब्द मोडलेला नव्हता, आणि हा पाळायची वेळ येईल असं त्याला स्वप्नातही वाटत नव्हतं.

वेळ आली जानेवारीत, एका गुरुवारी. न्याहारी झाली, ऑरिन संडासात जाऊन आला, ट्वायलाचे पैसे दिले, कोट चढवला, दारात नेहमीसारखं टोक मागे सारलं. तेवढ्यात कुको मागून धावत आला आणि त्याच्या उजव्या बाजूला असा चिकटला की दोघांना दारातून निघता येईना.

"अरे, अंगावर काय पडतोस? रस्ता काय अरुंद आहे?"

"चल तू. थंडी वाजतेय मला."

गाडीपर्यंत तो तसाच लगटून चालला आणि आपणहून शेजारच्या सीटवर चढून बसला. "गुरांच्या बाजाराकडे घे," म्हणाला. गुरुवारी तिथे चिटपाखरू नसतं. रिकाम्या कुंपणांपाशी ऑरिनने गाडी थांबवली. कुकोने शर्ट वर केला. एका बाजूला त्याचं पिस्तूल होतं. दुसऱ्या बाजूला लाकडी मुठीचं लांब नळीचं रिव्हॉल्व्हर खोचलेलं होतं.

ऑरिनचा हात कमरेला गेला. म्यान रिकामं होतं.

"टाकीवर होतं," कुको म्हणाला.

आणखी सांगायची गरज नव्हती. पट्टा सोडला की हत्याराच्या वजनाने विजार खाली ओढली जाते, म्हणून आमच्याकडची माणसं संडासात ते काढून पाण्याच्या टाकीवर ठेवतात. आयुष्यात हजारदा ठेवलं असेल. हजारदा उचललंही होतं.

"कुणी बघितलं?"

"कुणी नाही. तू रिकामं म्यान दाखवत, कोट मागे सारून, छाती काढून दारात उभा होतास. मी आडवा आलो."

ऑरिनने स्टीअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. "मग झालं तर," तो म्हणाला. "दे इकडे."

कुकोने दिलं नाही. "मी संडासातून बाहेर आलो तेव्हा दारात कोण उभं होतं माहितीय? ट्वायलाची नात. पाच वर्षांची. दोन पाय एकमेकांवर घट्ट धरून उभी होती पोर, घाई लागलेली. मी तुझ्यानंतर गेलो नसतो तर ती गेली असती."

वाऱ्याने कुंपणाचं एक फाटक आपटत होतं.

"नेडीनला सांगणार आहेस?" ऑरिनने विचारलं.

"मी? मी कशाला सांगू? माझ्या पोटात गेलं ते गेलं. लबाड माणूस मी, झाकायची सवय आहे मला."

"कुको, मी ते गमतीत—"

"चाळीस वर्षं गंमत करतोयस." कुकोचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "आज निघालंच आहे तर ऐक. त्या रात्री तुझाही कोट पुढेच होता, ऑरिन."

"माझा?"

"तुझा. दोघांचंही झाकलेलं होतं. कडाक्याची थंडी होती, बटणं लावून बसलो होतो दोघं. तो पोलीस तुला म्हणाला, 'टोक तेवढं मागे घ्या, साहेब.' आणि मला म्हणाला, 'हात वर.' तू टोक मागे घेतलंस. त्या दिवसापासून घेतोयस. मी घेतलं असतं ना, तर हात कमरेकडे नेला म्हणून तिथेच गोळी खाल्ली असती. तू उघड्यावर लावून हिंडलास की लोक म्हणतात, 'राम राम, ऑरिन.' मी लावून हिंडलो की दुकानदार फोन उचलतो. म्हणून मी झाकतो. दुसरं काही नाही."

ऑरिनला ती रात्र दिसत होती. विजेरीचा उजेड, बर्फासारखा थंड गाडीचा पत्रा, आणि स्वतःचा हात, कोटाची बटणं सोडणारा. हे विसरणं टूसॉनच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या आजारातलं नव्हतं. हे त्याने ऐन जवानीत, धडधाकट डोक्याने विसरलं होतं.

"कधी बोलला नाहीस," तो म्हणाला.

"तू कधी विचारलं नाहीस."

मग कुकोने रिव्हॉल्व्हर त्याच्या मांडीवर ठेवलं आणि उतरून चालत दुकानाकडे गेला.

ऑरिन घरी आला. कुणाला कळलेलं नव्हतं, कळणारही नव्हतं. त्याने नुसतं गप्प बसायचं होतं. तो तासभर गाडीतच बसून राहिला. नेडीनने खिडकीतून दोनदा बघितलं. शेवटी तो आत आला, रिव्हॉल्व्हर जेवणाच्या टेबलावर ठेवलं, गोळ्या काढून शेजारी ओळीने मांडल्या आणि म्हणाला, "एकदा झालं."

नेडीनने हात पुसले. ओरडली नाही, कुठे, कसं, काही विचारलं नाही. ते सगळं उचलून तिजोरीत ठेवलं, आकडा बदलला आणि मग मात्र न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. ऑरिनला नळाचा आवाज ऐकू येत होता. त्याला कळत होतं तो कशाचा आहे.

त्यानंतर तो घराबाहेर पडेना. हत्याराशिवाय हॉटेलात जाणं म्हणजे आपल्याला काय झालंय ते गावाला ओरडून सांगणं. आठ दिवस, दहा दिवस. आंघोळ टाळायला लागला, जेवणात मन नाही. अकराव्या दिवशी नेडीनने कुकोला फोन केला आणि सगळं सांगितलं.

दोन दिवसांनी कुको आला. हातात नवं म्यान, पण वरून झाकणाचं, पितळी बटण लावून बंद होणारं, जुन्या घोडदळाच्या शिपायांचं असायचं तसं. झाकणाखालची मूठ दिसणार नाही, नुसता फुगवटा.

"हे काय?"

"आत मेस्कीटच्या झाडाचं लाकूड आहे. घासून तुझ्या रिव्हॉल्व्हरच्या मापाचं केलंय."

"म्हणजे ढोंग करू? ह्या वयात?"

"सगळा जन्म मी करतोय, मला काही झालं नाही," कुको म्हणाला. "घालून तर बघ."

ऑरिनने घातलं. स्वयंपाकघरात चार पावलं टाकली, थांबला. "हलकं आहे. पाय चुकतो."

कुको परत घेऊन गेला, लाकूड पोखरून त्यात शिसं ओतलं. दुसऱ्या खेपेला ऑरिन अंगणात फिरला, फाटकापर्यंत जाऊन आला. "बरोबर आहे," म्हणाला. त्याने कुकोचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

हॉटेलात ट्वायलाने लगेच हटकलं. "अगंबाई! हे झाकण कशाला?"

"धूळ जाते," ऑरिन म्हणाला. मग बसला नाही. उभ्यानेच त्याने एकोणऐंशीची गोष्ट सांगितली, आठ-दहा माणसांसमोर, आणि ह्या वेळी खरी सांगितली. माझाही कोट पुढे होता, म्हणाला. मला साहेब म्हणाले आणि याला बेड्या घातल्या. आणि मी चाळीस वर्षं हसलो. कुणाला कुठे बघावं कळेना. कुको कॉफीत साखर ढवळत राहिला, आणि तो तर कॉफीत साखर घेतही नाही.

वसंत गेला, उन्हाळा गेला. ऑरिनची माणसं एकेक करून पुसट होत चालली. नेडीनला कधी तो आपली बहीण समजायचा. हॉटेलात मात्र कुको रोज त्याला घेऊन यायचा, गाडी आता कुको चालवायचा. म्यान कमरेला असायचंच. लाकडाची गोष्ट ऑरिनला केव्हापासून आठवेनाशी झाली ते कुणालाच नक्की सांगता येणार नाही.

नोव्हेंबरात, पहिल्या थंडीत, हॉटेलात कुणी वाटसरू जोडपं बसलं होतं. ऑरिन त्यांच्याकडे वळला. डोळे चकाकत होते.

"ह्याला विचारा, एकोणऐंशी साली काय झालं ते! थंडी अशी, आणि ह्या शहाण्याचा कोट पुढे आलेला..."

ट्वायला भांडं हातात घेऊन जागीच थांबली. तिने तोंड उघडलं. कुकोने मान हलवली, नको. ती गप्प बसली.

"...अरे, कोटाचं टोक तेवढं मागे सारायचं होतं!" ऑरिनने टेबलावर हात आपटला. जोडपं हसलं. "चाळीस वर्षं झाली, अजून झाकतोच आहे! माणसाचं कसं उघड्यावर असावं." त्याने कमरेच्या बंद झाकणावर थाप मारली.

"असावं," कुको म्हणाला.

पैसे देऊन दोघं निघाले. कुकोने त्याला कोट घातला, बटणं लावली नाहीत. दारात ऑरिन थांबला, बाहेरच्या उजेडाकडे बघत. हात खालीच होता. पुढे काय करायचं असतं ते त्याला आठवत नव्हतं.

कुकोने हात पुढे केला आणि कोटाचं टोक मागे सारलं.