गिरणीवाल्याला ठाण्यात बोलावलं तो दिवस

माझ्या नोकरीतल्या एका प्रकरणाबद्दल मी आजवर कोणापुढे तोंड उघडलेलं नाही. बायकोपुढेही नाही. त्यात आरोपी लगेच सापडला, वरिष्ठांनी पाठ थोपटली, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. दोषारोपपत्रात गुन्ह्याचा हेतू म्हणून जे लिहिलं गेलं, ते मात्र मी रचलेलं होतं. पुढं मुदतीआधीच निवृत्ती घेतली, तेव्हा लोकांना तब्येतीचं कारण सांगितलं. आता पुन्हा निवडणुका आल्या आहेत, गावोगाव त्या प्रकरणातल्या पक्षाचेच झेंडे लागले आहेत, आणि ओळखीची माणसं घरी येऊन हळू आवाजात विचारतात, "साहेब, ह्या खेपेला कसं व्हायचं?" मला उत्तर देता येत नाही. म्हणून हे लिहितो आहे. नावं कोणाचीच देणार नाही.

परभणी जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो, हुद्दा सहायक निरीक्षक. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या निवडणुका लागल्या होत्या. आचारसंहिता लागली की ठाण्याचं काम ठरलेलं असतं. परवान्याच्या बंदुका जमा करून घ्यायच्या, जुन्या उपद्रवी लोकांवर प्रतिबंधक कारवाई करायची, संवेदनशील केंद्रं कळवायची आणि रोज संध्याकाळी वर अहवाल पाठवायचा. या कामाला मी सरावलो होतो.

तो पक्ष आमच्या भागात नवाच होता. त्यांचा तालुकाप्रमुख तरुण ठेकेदार, सगळे त्याला दादा म्हणत. बोलायचा फार चांगलं. पीकविमा कुठं अडकतो, एसटी का येत नाही, सरकारी दवाखान्यात डॉक्टर का नसतो. ऐकणाऱ्याला वाटावं, हा आपल्याच घरात राहून गेलेला दिसतो. बंदोबस्ताला उभा असताना मीही मनातल्या मनात मान डोलावली आहे. भाषणाच्या शेवटी मात्र त्याचा आवाज खाली यायचा. "जो आपल्यात न्हाई, तो कुणात हाय, ते गावानं बघून ठिवावं." सगळ्यात जास्त टाळ्या त्या वाक्याला पडायच्या. त्या वाक्याला लावायला माझ्याकडे कलम नव्हतं.

ठाणेदार हॉटेलात शिरला की गप्पा थांबतात, हे नेहमीचंच. पण मी नसतानाही त्या थांबायला लागल्या आहेत, असं आमचे बीट जमादार, म्हणजे त्या गावांचं काम पाहणारे हवालदार, सांगायला लागले. चार माणसं बसली की पाचवा कोण आला ते आधी बघतात, म्हणाले.

वालूरच्या बाजूच्या एका गावात पन्नाशीचा एक माणूस पिठाची गिरणी चालवायचा. कधीकाळी त्याच्या गिरणीची मोटार चोरीला गेली होती, ती मी शोधून दिली होती. तेव्हापासून तो अधूनमधून गावची खबर द्यायचा. मोबदला कधी मागितला नाही. "साहेब, माझ्याकडं दळण आन् बातमी सारखीच येती, मी फकस्त बारीक करून देतो," असं म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. त्या आठवड्यात त्याचा फोन आला तेव्हाही सुरुवात तशीच होती.

"साहेब, हितं मतं मशीनीत पडायच्या आधी देवळात पडायलेत."

"नीट सांगा."

"ऊसतोडीहून ट्रक यायलेत. ट्रक घराकडं न्हाई, सरळ खंडोबाच्या देवळाम्होरं थांबवायलेत. बायामाणसं धुळीनं भरलेली, लेकरं रडायलीत, आन् हे लोक एकेकाच्या हातात बेल-भंडारा द्यायलेत. मत कुणाला, ते तोंडानं वदवून घ्यायलेत. जो उचलीना, त्याच्याकडं नुसतं बघायलेत."

"तुम्ही उचलला?"

"मी म्हणलं, माझे हात पिठाचे हायेत, देवाचा भंडारा पांढरा व्हईल. हसले समदे." मग म्हणाला, "पण आता हसून भागंना साहेब. दोन-चार घरं दळण शेजारच्या गावाला न्यायलीत. माझं नाव तेवढं बाहीर येऊ देऊ नका. मी तुमाला फोन करायलोय, हे माझ्या धाकट्या भावाबिगर कुणालाच ठाऊक न्हाई."

मी शब्द दिला.

बेल-भंडारा उचलून दिलेलं वचन आमच्या भागात सहसा कोणी मोडत नाही. मोडलं आणि पुढं वर्षभरात घरात कोणी आजारी पडलं, तरी माणूस त्याचा संबंध तिथंच लावतो. मतदाराला देवाच्या कोपाची भीती घालणं हा कायद्यानं गुन्हा आहे, पण अदखलपात्र. कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास नाही, आणि त्यासाठी कोणीतरी पुढं येऊन तक्रार द्यायला हवी. गावात तसा एकही जण नव्हता.

अशा वेळी ठाण्याचा एक ठरलेला तोडगा असतो. दोन्ही बाजूंना बोलवायचं, प्रतिबंधक नोटीस द्यायची, समज द्यायची आणि सोडायचं. एकाच बाजूला बोलावलं की पोलीस पक्षपाती म्हणून लगेच वर तक्रार जाते. दोन्हीकडचे बोलावले की कोणी बोट दाखवत नाही. हे आम्हाला कोणी शिकवत नाही, पाहून पाहून अंगवळणी पडतं.

जमादार माझ्यापुढं उभे राहिले. "साहेब, दादाचे तर सात-आठ झाले. दुसऱ्या बाजूचे कोण घ्यायचे?"

"विरोधातले घ्या."

"विरोधात कुणीच न्हाई गावात. जुन्या पक्षाचा उमेदवार सुदिक घराबाहीर पडंना गेलाय."

"कोणीतरी असेलच."

"असतील, पण बोलंनात. न बोलणाऱ्याला काय म्हणून बोलवावं?"

संध्याकाळचा अहवाल जायचा होता. उपअधीक्षकांच्या कार्यालयातून एकदा विचारणा होऊन गेली होती. दुसऱ्या बाजूचं म्हणून त्या गावातलं एकच नाव मला माहीत होतं. मी म्हणालो, "गिरणीवाल्याला घ्या."

जमादारांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काही ठाऊक नव्हतं, तरी पाहिलं. "गिरणीवाल्याला? तो कशातच न्हाई की."

"घ्या म्हणतो ना."

मी मनाची समजूत घातली की, चारचौघांत त्यालाही रागावलं तर त्याच्यावर कोणाचा संशय येणार नाही. त्या वेळी मला ही युक्ती हुशारीची वाटली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे ठाण्याच्या ओसरीत उभे राहिले. गिरणीवाला शेवटून दुसरा होता, स्वच्छ सदरा घालून आलेला. दादानं त्याला पाहिलं आणि हसत म्हणाला, "मामा, तुमी बी पुढारी झालात व्हय? आमाला खबरच न्हाई." त्याची माणसं हसली. एक जण म्हणाला, "पीठ सोडून पक्ष दळायलेत मामा." गिरणीवाला सदऱ्याची बाही सारखी करत राहिला. त्यानं माझ्याकडेही पाहिलं नाही. पाहत होता तो दादा. हसू ओसरल्यावरही तो काही वेळ माझ्याकडे पाहत राहिला, मग गिरणीवाल्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मी सगळ्यांना एकसारखी समज दिली. नोटिशीवर सह्या झाल्या. अहवालात लिहिलं, 'दोन्ही गटांवर प्रतिबंधक कारवाई केली, परिस्थिती शांत.'

त्यानंतर गिरणीत दळण येणं बंद झालं. पूर्ण बंद. त्याचा एकदा फोन आला. मागं गिरणीचा आवाज चालू होता. "मोकळीच फिरवायलोय साहेब," तो म्हणाला. "आवाज बंद केला तर म्हणतील घाबरला." मी म्हणालो, मतदानापर्यंत दम धरा. या वेळी तो हसला नाही.

बाजारच्या दिवशी, भर दुपारी, गिरणी पेटली. गाव निम्मं बाजाराला गेलं होतं, निम्मं घरातच होतं. मी पंचनाम्याला गेलो तेव्हा पत्रे अजून तडतडत होते. गिरणीला लागून बोअर आहे, समोर तीन घरं आहेत. तिन्ही घरांतल्या माणसांचे जबाब घेतले. कोणी जेवत होतं, कोणी झोपलं होतं, कोणाला वाटलं धूर शेतातला असेल. गिरणीवाला मोटार वाचवायला आत शिरला होता, त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. त्याला बाहेर ओढणारा एकच माणूस निघाला, त्याचा धाकटा भाऊ. ओलं पोतं घेऊन धावत आला होता. अख्ख्या गावातून तो एकटा.

तपासात कोणी बोलेना. धागा सापडला तो एसटी स्टँडवर. दादाच्या माणसांपैकी एक तिशीचा ट्रॅक्टर चालवणारा तिथं उभा होता. समज द्यायला बोलावलं तेव्हा त्याच्या भरघोस मिशा मी पाहिल्या होत्या. आता त्याचा ओठ कोरा होता. आमच्याकडे खेड्यातला माणूस अशी मिशी उतरवतो ती बाप गेला तर. मी त्याला गाडीत बसवून ठाण्यात आणलं.

"वडील कसे आहेत?"

"बरे हायेत की. कामून?"

"मग मिशी का उतरवली?"

त्याचा हात ओठावर गेला. "हौस, साहेब."

"आणि भुवई?"

डावी भुवई करपलेली होती. पेट्रोल टाकून काडी ओढली की भडका आधी तोंडाशी येतो, हे नवख्याला माहीत नसतं. त्याला कोणी हात लावला नाही. चहा दिला, आणि मी समोर गप्प बसून राहिलो. अर्ध्या कपातच त्यानं सगळं सांगायला सुरुवात केली.

"दादानं सांगितलं?"

"तसं कुणी सांगत नसतंय साहेब. दादा एवढंच म्हणले, गिरणीचा आवाज लय व्हायलाय, पार ठाण्यापर्यंत जायलाय."

"गिरणीवाल्यानंच पोलिसांना कळवलं, हे तुम्हाला कोणी सांगितलं? त्याच्या भावानं?"

"त्यानं कशाला? तो आमच्यासंगट भंडारा उचलून बसलेला, पण भावाबद्दल चकार शब्द बोलला न्हाई." तो मला समजावल्यासारखं बोलायला लागला. "आमाला बोलावलं ते ठीक हाय, आमी पक्षाचे. गिरणीवाला कोणत्याच पक्षात न्हाई, भांडणात न्हाई, त्याला तुमी कामून बोलावलं? ठाण्याला ह्याचं नाव कसं काय ठाऊक? दादा गाडीत बसतानाच म्हणले, साहेबानंच माणूस दाखवला."

जबाब लिहिणाऱ्या जमादारांचा हात थांबला. खोलीत आम्ही तिघंच होतो.

"साहेब, हे लिहायचं?"

ते लिहिलं असतं तर दादा आरोपी झाला असता, देवळातला प्रकार कोर्टासमोर आला असता, आणि माझं नावही आलं असतं. मतदान तोंडावर होतं. कोण निवडून येणार, हे शेंबडं पोरही सांगत होतं. माझी बदली, चौकशी, मुलीचं शिक्षण, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. दुसऱ्यांच्या भीतीचे जबाब मी आयुष्यभर लिहून घेतले होते. माझी मला तेव्हा ओळखता आली नाही. तिला मी व्यवहार म्हणालो.

"जुना वाद लिहा," मी सांगितलं. "बोळातल्या सांडपाण्याचा."

जमादारांनी लिहिलं. ट्रॅक्टरवाल्यानं सही केली. त्याला ते सोयीचंच होतं.

गिरणीवाला परभणीच्या सरकारी दवाखान्यात होता. मी भेटायला गेलो तेव्हा दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत उशीवर ठेवलेले. आरोपी सापडला म्हटल्यावर त्यानं मान हलवली. मग विचारलं, "साहेब, तुमच्याकडून तर फुटलं नसंल?"

मी म्हणालो, "नाही."

"ठाण्यात बोलावलं ते म्या समजून घेतलं. तुमी सगळ्यांनाच बोलावलं, माझ्यावर वहीम नको म्हणून." तो छताकडे बघत बोलत होता. "म्हंजी धाकट्यानंच सांगितलं. भंडारा उचलला व्हता त्यानं. देवाच्या धाकानं बोलला आसंल." धाकटा भाऊ दाराबाहेर बाकावर बसला होता, घरून डबा घेऊन आलेला. एक शब्द बोललो असतो तर पुरे होतं. मी तब्येतीची काळजी घ्या म्हणालो आणि निघालो. बाकापाशी धाकट्यानं उठून मला नमस्कार केला.

तो पक्ष निवडून आला. दादा पंचायत समितीचा सभापती झाला आणि शाल-नारळ घेऊन ठाण्यात आला. "साहेब, तुमी लय निःपक्ष माणूस," म्हणाला. मी शाल घेतली. खटल्यात शेजाऱ्यांनी सांगितलं की सांडपाण्याचा वाद कधी नव्हताच. ते खरंच बोलत होते. हेतू सिद्ध झाला नाही, साक्षीदार गळाले, आरोपी सुटला. गिरणी पुन्हा उभी राहिली नाही. गिरणीवाल्याची बोटं नीट मिटत नाहीत, असं ऐकतो. तो पुण्याकडे मुलाजवळ राहतो. दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. धाकट्याच्या मुलीचं लग्न झालं, थोरला आला नाही.

लोक मला त्या पक्षाबद्दल विचारतात. पक्ष येतील, जातील, त्याबद्दल सांगण्याचा माझा अधिकार नाही. मी पाहिलं ते एवढंच की, त्या गावाला धाकात ठेवायला दादाला फारशी माणसं लागली नाहीत. दारं लावून घेणारी तीन घरं आणि वर 'परिस्थिती शांत' असं कळवणारा एक अधिकारी पुरला. नव्या अधिकाऱ्यांना सांगावंसं वाटतं की, गावात दुसरी बाजूच उरलेली नसेल, तर ती कागदासाठी तयार करू नका. तिथं उभा करायला तुमच्या हाताशी एखादा घाबरलेला माणूसच असतो, आणि त्यानं तुमच्यावर भरवसा टाकलेला असतो.

धाकट्या भावानं काही सांगितलं नव्हतं. गिरणीवाल्याला मी उघडं पाडलं. हे त्या दोघांना समोरासमोर बसवून सांगणं माझ्याकडे बाकी आहे, आणि खोटा हेतू मी लिहायला लावला हे शपथेवर लिहून देणंही. धाकटा माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर राहतो. मी अजून गेलेलो नाही.