महाडचा कातडीचा दवाखाना

त्वचेच्या डॉक्टरकडे माणसं कातडी दाखवायला येतात आणि जाताना किस्से ठेवून जातात. महाडला दवाखाना टाकल्यापासून इतके साठलेत की विचारू नका! जेवताना एखादा सांगायला घेतला की आमचे हे ओरडतात, "आधी जेवू दे गं!"

*

कुडपणच्या एक आजी टाचांच्या भेगा घेऊन आल्या. मी समजावलं, "आजी, कातडीचा अगदी वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. तो रोज थोडा झडतो आणि खालून नवा येतो."

आजींनी पाय मागे घेतला. "म्हंजे अंगावर रोज कोनतरी मरतंय? मग बाय, सुतक सुटायचं कधी?"

मी मलम लिहून दिलं. म्हटलं, "हे सुतकातही चालतं."

*

एमआयडीसीतला एक पोरगा पाळी संपवून तसाच बाईकवरून आला. गोरं व्हायचं होतं! म्हटलं, "अरे, हा रंग म्हणजे कातडीची छत्री. उन्हापासून वाचवते."

"मग मॅडम, थोडे दिवस मिटून ठेवता येईल का? साखरपुडा हाय!"

*

वरंधच्या एका गृहस्थांना गजकर्ण. बजावून सांगितलं, "घरातल्या सगळ्यांनी मलम लावा, नाहीतर एकाचं दुसऱ्याला होत राहील."

पुढच्या खेपेला आले तर खाज दुप्पट! ट्यूब कुठंय?

"मुंबईला, भावाकडं. त्याचं झालं की बहिणीकडं, डोंबिवलीला. मग माझा नंबर."

"अहो, ते तिकडे राहतात ना?"

"राहतात तिकडं. घर हितंच हाय की!"

*

पोलादपूरकडचे एक काका बायकोला घेऊन आले. काकांच्या हातावर फिकट चट्टा. तिथं स्पर्श कळतो का ते बघायला मी त्यांना डोळे मिटायला लावले. "कापूस लागला की 'हां' म्हणा."

कापूस टेकवला. "हां!" पुन्हा टेकवला. "हां!" एकदाही चुकेनात. बघते तर काय, कापूस टेकला की टेबलाखालून काकू त्यांच्या पायावर पाय देत होत्या!

"काकू, अहो हे काय?"

त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "म्हारोग निघाला तर कोन दारात उभं करनार नाय ओ. पोरीचं लगीन ठरलंय. मोडंल ना!"

कुष्ठरोगच होता. पण लवकर आले होते. गोळ्यांनी तो बरा होतो आणि औषध सुरू झालं की दुसऱ्याला लागत नाही, हे त्यांच्या गळी उतरवायला मी अख्खी ओपीडी खोळंबवली. काकांनी एक गोळी चुकवली नाही. लेकीचं लग्नही झालं.

कोर्स संपल्यावर दोघं आले. मी कापूस उचलला, तशी काकूंनी माझा हात धरला. "ऱ्हावद्या बाय. कापसावर माजा इस्वास नाय." आणि त्यांनी त्याच चट्ट्यावर असा करकचून चिमटा काढला की काका खुर्चीतून उडाले.

"आई गंऽऽ! मेलो!"

बाहेर बसलेले पेशंट दचकून उभे राहिले. काकू पदराने डोळे पुसत हसत होत्या. "वरडा! आजून वरडा!"