ममताच्या कॉम्प्युटरमधले बाबा

देवाजी शेंडे भिलाईत, मरोदा सेक्टरच्या क्वार्टरमध्ये राहत होते तेव्हा दुपारी त्यांचा वाचण्याचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा. पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये नोकरी करून कान मंद झालेले, त्यामुळे ते ओरडूनच वाचत. मुलगी ममता जन्मापासून आंधळी. कॉलेजची पुस्तकं ब्रेलमध्ये मिळेनात, म्हणून पहिली पाळी करून आल्यावर देवाजी माइकसमोर बसत आणि तिची बी.ए.ची हिंदी पुस्तकं वाचून कॉम्प्युटरमध्ये भरत. अवघड शब्दाला अडायचे. "थांब बेटा, पुन्हा वाचतो," हेही रेकॉर्ड व्हायचं. कुकरची शिट्टी आणि "गया, चहा मांड वं" हेसुद्धा.

ममता बी.ए. झाली. मागच्या उन्हाळ्यात देवाजी गेले. तेव्हापासून तांदूळ निवडायला बसल्या की ममताची आई, गयाबाई, म्हणायच्या, "लाव ना तुह्या बाबाले." मग इतिहासाचा एखादा धडा लागायचा. गयाबाईंना मुघलांशी काही घेणंदेणं नव्हतं, पण धडा संपेपर्यंत त्या उठत नसत.

कॉम्प्युटर मात्र थकला होता. स्क्रीन वाचून दाखवणारा आवाज अर्ध्या वाक्यात अडकून बसायचा. अंध मित्रमैत्रिणींच्या ग्रुपवर ममताला लिनक्स या कॉम्प्युटर चालवणाऱ्या मोफत प्रणालीबद्दल कळलं. ते टाकताना मशीन पहिल्यापासूनच बोलतं, शेजारी डोळस माणूस लागत नाही. तिला ते स्वतःच्या हातांनी करायचं होतं. फक्त एक काम तिनं रायपूरहून आलेल्या भावाला, प्रशांतला सांगितलं. "बाबांचं वाचन आधी पेनड्राइव्हमध्ये टाकून दे."

"डाल दिया, ताई. इतिहास, राजनीति, सब आ गया. नावं पाहिली मी."

तो परत गेल्यावर ममता बसली. मशीन सुरू झालं, बीप वाजली. बोलणं सुरू करायला तिनं एस दाबून एंटर दिलं आणि एक कोरडा, नाकातला आवाज बोलू लागला. भाषा कोणती, कीबोर्ड कोणता, नाव काय. ती एकेक उत्तर देत गेली. "आई, हे मले विचारून राहिलं वं!" ती हसत ओरडली. मग आवाजानं विचारलं, डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं? तिनं तो प्रश्न पुन्हा ऐकला आणि हो म्हटलं.

संध्याकाळी तेच मशीन आता भराभर बोलत होतं. गयाबाई जवळ येऊन बसल्या. ममतानं पेनड्राइव्ह लावला. आवाजानं नावं वाचली, इतिहास, राजनीति शास्त्र, समाजशास्त्र. तिनं एंटर दाबलं. काहीच वाजलं नाही. दुसरं नाव, तिसरं नाव, तेच. मग तिला कळलं. डेस्कटॉपवर मूळ फाइलकडे नेणारे नुसते शॉर्टकट होते आणि प्रशांतनं तेच उचलले होते. खरं वाचन डिस्कमध्ये आत होतं, आणि डिस्क तिनं पुसली होती.

तिनं प्रशांतला फोन लावला. "मले वाटलं, तेच आहे," एवढंच तो म्हणाला आणि रडू लागला. सकाळच्या गाडीनं येऊन त्यानं ती डिस्क सिव्हिक सेंटरच्या बाजारात कॉम्प्युटरच्या एका दुकानात नेली. दुकानदारानं आठवडाभर खटपट केली. काही तुकडे निघाले, पण वाजणारा एकही नव्हता.

"आई, मीच हो म्हटलं त्याले," ममता म्हणाली.

गयाबाईंचा हात सुपात थांबला. "आता तुले वाचता येते ना, कोणाबिगर?"

"येते."

"मंग झालं. त्याच्याचसाठी तर वाचत होते ते."

त्या उठून आत गेल्या. मोरीतला नळ बराच वेळ वाहत राहिला.

प्रशांत हल्ली आला की कॉम्प्युटरच्या खोलीत जात नाही. ममता त्याच मशीनवर बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करते. दुपारी ती हेडफोन लावते, मशीनचा तो कोरडा आवाज आईच्या कानावर पडू नये म्हणून.