कोरड्या शहरातला ओला रस्ता

हे मी घरातही कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या फिल्मची गोष्ट मी मारली, आणि बोलणी वैशालीनं खाल्ली.

धाराशिवात आमचा छोटा अ‍ॅनिमेशन स्टुडिओ आहे. मी आर्ट डायरेक्टर, म्हणजे फिल्म दिसेल कशी ते ठरवणारा. पैसा तुळजापूरच्या एका लॉजमालकाचा. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. गोष्ट येडशीच्या वैशालीची, तिची पहिलीच. पुढच्या शतकातलं धाराशिव, वर्षानुवर्षं पाऊस नाही. पाण्याच्या टँकरसाठी ड्रायव्हरचा खून होतो आणि एक थकलेली इन्स्पेक्टर खुनी शोधत फिरते. असल्या काळोख्या गुन्हेकथेला नॉयर म्हणतात.

नॉयर म्हटलं की आमच्या जमातीला एकच सुचतं. रात्र, निऑनच्या पाट्या आणि ओल्या डांबरात त्यांचं प्रतिबिंब. दुसऱ्याच्या फिल्ममधून उचलायचं आणि त्याला व्हिजन म्हणायचं. मीही रस्ते ओले केले.

अ‍ॅनिमॅटिक, म्हणजे कच्च्या चित्रांवर आवाज चढवलेली फिल्म, आधी लेखकाला दाखवतात. चूक तिथंच धरायची असते. वैशालीनं धरली.

"सर, रस्ता ओला कसा?"

"मूड आहे तो."

"अहो, पाण्यासाठी खून झालाय. इथं डबकी साचलीत."

"प्रेक्षक डबकी बघत नाही, वैशाली. फ्रेम बघतो."

ज्युनियर पोरं हसली. मी हसू दिलं.

तिचा एक सीन होता. मेलेल्या नवऱ्याला शेवटची अंघोळ घालायला ड्रायव्हरची बायको दारोदार तांब्याभर पाणी मागते. कुणी देत नाही. माझ्या चकचकीत रस्त्यावर ती बाई वेडी दिसायला लागली. मी रस्ता ठेवला, बाई कापली.

आप्पांनी गावात हॉल घेऊन फिल्म दाखवली. संपल्यावर त्यांचे थोरले भाऊ उठले.

"चित्रं लई भारी हायत. पण काय वो, रस्त्यावर एवढं पाणी असताना त्या ड्रायव्हरला मारलं कशापायी? खराट्यानं लोटलं तरी घागर भरंल की."

हॉल हसला. आप्पा वैशालीकडं वळले.

"पोरी, लिहिताना डोकं कुठं ठेवलं होतंस?" मग मला म्हणाले, "तुमचं काम मात्र एक नंबर."

वैशालीनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "थँक यू, आप्पा."

पुढची फिल्म मला मिळाली. तिची दुसरी गोष्ट आप्पांनी न वाचताच परत केली. ती आता भावाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसते. फिल्मला एका महोत्सवात दृश्यशैलीचं बक्षीसही मिळालं. गोष्ट कळली नाही की परीक्षक उजेडाचं कौतुक करतात. आमचा धंदा त्यावरच चालतो.

वैशालीची गोष्ट धड होती, बिघडवली मी, हे आप्पांना तिच्या देखत सांगणं माझ्याकडून अजून राहिलंय.