आत्याची वही

आमच्या आत्याला नोकरीत सगळे 'डायरी' म्हणायचे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिने तीस वर्षं काढली आणि अर्ध्या गावाचे नंबर तिला तोंडपाठ होते. निवृत्तीनंतरही कुणाचा नंबर विचारला, की आधी नंबर सांगायची आणि मग त्या माणसाची दोन कुलंगडी.

माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. बाजारात मला कुलूपतोड्या म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, ते मला आवडायचं. कंपन्या जुने फोन वाऱ्यावर सोडतात, नवी ॲप त्यांत चालत नाहीत. असा फोन मी वायरने माझ्या जुनाट डेस्कटॉपला जोडतो, दोन बटणं दाबून धरतो, मनात आकडे मोजतो आणि नेमक्या वेळी एक बटण सोडतो. मग कॉम्प्युटर फोनच्या आत शिरतो आणि कंपनीने नाही म्हटलेलं सगळं चालू होतं.

आत्याच्या फोनवर व्हिडिओ कॉल बंद झाले, तेव्हा तिची मुलगी नवा फोन पाठवणार होती. मी म्हटलं, "मी असताना नवा कशाला?" आणि करून दिला. पडद्यावर नात दिसली तेव्हा आत्याने मला डोक्यावर घेतलं.

एक गोष्ट मात्र मी गिळली. असा उघडलेला फोन पूर्ण बंद पडला, की आपला आपण सुरू होत नाही. पुन्हा डेस्कटॉपला जोडावा लागतो. हे सांगितलं असतं तर माझ्या फुशारकीतली हवाच गेली असती.

पंधरा दिवसांनी ती आली. चार्जिंगला लावायचं राहिलं होतं, फोन मेला होता.

"काहीतरी भलतंच दाबलंस बघ, आत्या," मी म्हणालो. इतक्या सहज निघालं तोंडातून. दोन मिनिटांत फोन सुरू करून दिला.

मग दर पंधरा-वीस दिवसांनी तेच. तिचं येणं, माझं तेच वाक्य. एकदा खोटं बोललं, की पुढचं आपोआप बोललं जातं. चौथ्या वेळी तिने वही आणली. किती वाजता कोणतं बटण दाबलं, सगळं वळणदार अक्षरात लिहिलेलं. आणि मी काय करावं? मी थट्टा केली. "आता डायरीलाच वही लागायला लागली!" ती हसली. आज ते आठवलं, की मला माझीच किळस येते.

परवा ती आली ती फोन रुमालात गुंडाळून.

"मी मुलीकडे राहायला चाललेय," ती म्हणाली. "जुने नंबर सगळे आठवतात रे, पण आत्ताचं काही लक्षात राहत नाही. विसरण्याचा आजार असाच सुरू होतो म्हणे. एकटीने राहणं बरं नव्हे."

मान खाली घालून मी सगळं सांगितलं.

"म्हणजे मी काहीच दाबत नव्हते?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही, आत्या."

तिने डोळे मिटले आणि ती हसली. इतकी मोकळी हसली, की त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"किल्ल्या काल देऊन टाकल्या," मग ती म्हणाली. "सोमवारी नवी माणसं येतायत घरात."

मी फोन वायरला लावला. मोजताना दोनदा चुकलो. फोन सुरू झाला आणि लगेच मुलीचा कॉल आला. "अगं सकाळपासून बंद! पुन्हा काय दाबलंस आई?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. फोन माझ्या हाताच्या अंतरावर होता. घ्यायचा आणि सांगायचं, बस्स.

"दाबलं असेल गं काहीतरी," आत्या म्हणाली. "भाच्याने लावून दिला. गुणाचा आहे."

मी वायर गुंडाळत राहिलो.