करवतीची दुसरी मूठ

राजोडीच्या रस्त्याला लागून पास्कल लोपीसची वाडी. सत्त्याण्णवच्या ऑक्टोबरात परतीच्या वाऱ्याने वाडीतली चिंच मुळासकट कलंडली आणि रस्त्यावर आडवी झाली. खाली माणूस की जनावर कोणी सापडलं नाही, एवढंच बरं. फांद्या दोन दिवसांत साफ झाल्या. शेजारीपाजारी कोयते घेऊन आले. ज्याने तोडली त्याची फांदी. उरलं ते खोड. बारा हात लांब, बुंध्याशी दीड हात जाड. त्याच्याकडे एकदा बघून सगळ्यांनी कोयते खांद्यावर टाकले आणि घर गाठलं.

मंगळवारी रस्त्याच्या कामाचा मुकादम आला. डांबर पडायचं होतं. सोमवारी सकाळी ट्रॅक्टर आणि साखळी घेऊन येतो, रस्त्यावर असेल ते ओढून नेतो, तोवर कापून आत घेतलंत तर तुमचं, असं त्याने सांगितलं. माणूस सरळ बोलला. भांडायला जागाच ठेवली नाही.

पास्कलच्या बायकोला, उर्सुलाला, ते लाकूड हवं होतं. जानेवारीत थोरल्या लविनाचं लग्न. आठशे माणसांचं जेवण चुलीवर शिजायचं होतं. मार्चमध्ये, ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारच्या आधी, पास्कलला अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू गेली, आणि तेव्हापासून या घरात जे येत होतं ते दुसऱ्याचं येत होतं. तांदूळ तिच्या माहेरचे, कळंबचे. मांडव दिराचा. टोप आणि झारे गावाचे. कोणी बोलून दाखवत नव्हतं, पण उर्सुलाला प्रत्येक वस्तू आत घेताना मान खाली घालावी लागत होती. जळण तरी आपल्या वाडीतलं असावं, एवढंच तिचं म्हणणं. आणि चिंच आताच कापून, फोडून, रचून ठेवली तरच जानेवारीपर्यंत जळण्याजोगी वाळणार होती. ओली चिंच चुलीत घातली तर भात कच्चा राहतो आणि आचारी शिव्या देतो.

घरात करवत होती. दोन मुठींची, साडेतीन हात लांब, सासऱ्याच्या वेळची. पाच गावांत तिला पास्कलची करवत म्हणत. लग्नाचं जळण असो, पावाच्या भट्टीचं असो, लोक पास्कलला सांगायला येत. करवतीला दोन मुठी असतात, हे सांगायला येणाऱ्यांच्या ध्यानात येत नसे. दुसरी मूठ सव्वीस वर्षं उर्सुलाच्या हातात होती. लग्न होऊन आली त्याच महिन्यात सासऱ्याने तिला खोडापलीकडे उभं केलं आणि एकच गोष्ट शिकवली. ओढायचं, ढकलायचं नाही. आपण ओढून झालं की हात सैल सोडायचा, समोरचा ओढून नेतो. ढकललं की पातं फुगतं, काप वाकडा जातो, आणि वाकड्या कापात करवत अडते. तिला ते तीन दिवसांत आलं. काम झाल्यावर चहा पहिला पास्कलला मिळे, मग तिला. लाकूड पास्कलने कापलेलं असे.

आता पास्कल ओटीवर खुर्चीत बसलेला, आणि करवतीला दुसरा माणूस नाही.

तिने मंगळवारी दुपारीच कानस घेतली. एकेक दात घासला, पात्याला रॉकेल लावलं. बुधवारी एरॉल आला. दिराचा मुलगा, वालीवला एका कारखान्यात फिटर, तीस वर्षांचा, दंड भरलेले. रजा काढून आला होता, त्याला नावं ठेवायला नकोत. पण त्याने ओढलं आणि सोडण्याऐवजी ढकललं. पातं मधोमध फुगलं.

"ढकलू नको," उर्सुला म्हणाली. "माझी पाळी असली की हात नुसता मुठीवर ठेव."

"मदत करतोय, काकी."

"तीच करू नको."

दहा खेपा नीट व्हायच्या. अकराव्या खेपेला त्याचे दंड जागे व्हायचे. अंगात जोर असलेल्या माणसाला हात सैल सोडता येत नाही, हे तिने त्या दिवशी पाहिलं. दुपारपर्यंत चार बोटं काप गेला, तोही तिरका. एरॉल घामाने भिजला आणि म्हणाला की ही करवतच जुनी झालीय.

गुरुवारी नाक्यावरून दोन मजूर आणले. त्यांनी करवत हातात धरून पाहिली, खाली ठेवली आणि कुऱ्हाड मागितली. कुऱ्हाडीने आडवं तोडायचं म्हणजे निम्मं लाकूड ढलप्यांत जाणार. तरी दिली. चिंचेचं लाकूड पिळाचं. पातं शिरायच्या ऐवजी उसळत होतं. दुपारपर्यंत वीतभर खाच पडली. जेवायला गेले ते परत आले नाहीत.

शुक्रवारी वळणावरचा पंक्चरवाला प्रल्हाद आपणहून आला. साठीचा माणूस, लहानपणी बापाबरोबर करवत ओढलेला. त्याने पहिली खेप ओढली आणि उर्सुलाला हातातच कळलं. तीन दिवसांत पहिल्यांदा भुसा सरळ धारेने पडला. तीस खेपा झाल्या. मग प्रल्हादला खोकला आला, तो थांबेना. पुन्हा धरली, बारा खेपांवर पुन्हा तेच. त्याचा दमा जुना होता.

"ज्याला येतं त्याला दम नाही," प्रल्हाद मुठीवर हात ठेवून म्हणाला, "आणि ज्याला दम आहे त्याला येत नाही. करायचं काय, उर्सुलाबाय?"

या सगळ्या दिवसांत पास्कल ओटीवरून उजवा हात उचलून काहीतरी दाखवत असे. झटक्यानंतर त्याचे शब्द तुटले होते. एकेक यायला वेळ लागे, आणि आला की तो हुकूमच असे. करवत जरा थांबली की हात वर. उर्सुला तिकडे बघायचीच नाही. सव्वीस वर्षं बघितलं होतं.

प्रल्हादला धाप लागली होती म्हणून ती त्याला दुकानापर्यंत सोडायला गेली. त्याच्या दुकानाला आतून एक फळीचं दार होतं. तिने ते पाणी आणायला ढकललं आणि सोडलं, तर दार आपोआप मागे येऊन मिटलं. मागे ट्यूबची पट्टी बांधलेली. तिने पुन्हा उघडलं, सोडलं. पुन्हा उघडलं.

"दार मोडायचंय का?" प्रल्हाद म्हणाला.

"ही ओढते," उर्सुला म्हणाली. "ढकलत नाय."

शनिवारी उजाडताच प्रल्हादने ट्रकच्या फाटक्या ट्यूबच्या तीन बोटं रुंद पट्ट्या कापून आणल्या. दोन पट्ट्या जोडल्या. एक टोक करवतीच्या पलीकडच्या मुठीला, दुसरं रस्त्याच्या कडेच्या भेंडीच्या झाडाला. उर्सुलाने ओढलं, पट्टी ताणली. हात सैल केला, पट्टीने करवत परत नेली. पातं फुगलं नाही. ती हसली नाही, पण मान हलवली.

आता यात किती कष्ट आहेत ते नीट सांगायला हवं, कारण बघणाऱ्याला वाटतं ट्यूबने काम सोपं केलं. दोन माणसं असली की निम्मी ओढ आपली, निम्मा विसावा आपला. ट्यूबला विसावा ठाऊक नाही. तिच्यात स्वतःची ताकद काडीचीही नसते. आपण ताणली तेवढंच ती परत करते. म्हणजे लाकूडही आपणच ओढायचं आणि ट्यूबही आपणच. शंभर खेपांना अंगठ्याएवढं खोल. मग बसायचं, पाणी प्यायचं, काप खाली गेला म्हणून पट्टीची गाठ खाली सरकवायची, पुन्हा शंभर. उर्सुला तेव्हा शेहेचाळीस वर्षांची होती. तिने शनिवारी एरॉलचा वाकडा काप सोडून देऊन शेंड्याकडून नवा घेतला आणि संध्याकाळपर्यंत दोन ओंडके पाडले. हाताला चिंधी गुंडाळली होती, ती सोडवताना कातडी बरोबर आली. एरॉल आणि आणखी दोघांनी पहारी लावून ओंडके वाडीत लोटले.

रविवारी चर्चमध्ये पहिल्या मिस्साला जाऊन ती आठ वाजता पुन्हा खोडाशी आली. दुसऱ्या मिस्साहून परतणारे लोक थांबू लागले. रविवारी कोणी कामाला हात लावत नाही. तोंड लावायला मात्र रविवार आडवा येत नाही. एकाने सांगितलं, पट्टी आखूड घे. दुसऱ्याने सांगितलं, लांब घे. तिसऱ्याने पास्कल कसा कापायचा याची आठवण काढली. म्हातारी सालोमी छत्री टेकून उभी राहिली.

"रविवारचं काम अंगी लागत नाय, उर्सुला."

"मग उद्या ट्रॅक्टर अडवायला तू ये, सालोमीबाय."

सालोमी गेली. तिसरा ओंडका दुपारी पडला. राहिला एकच काप, बुंध्याकडचा, सगळ्यात जाड, सगळ्यात चांगलं लाकूड. तो झाला की मुळांचा बुडखा ट्रॅक्टरने खुशाल न्यावा.

तिने करवत लावली तेव्हा ओटीवरून पास्कलचा हात वर झाला. बराच वेळ ओठ हलले.

"पाचर," तो म्हणाला.

"कळतं मला," उर्सुला म्हणाली आणि ओढायला लागली.

तिला कळत नव्हतं. पहिल्या तीन कापांत खोडाचं शेंड्याकडचं टोक अधांतरी होतं. काप जसा खोल जाई तसा आपोआप उघडत जाई. हा काप मुळांचा ढिगारा आणि रस्त्याचा उंचवटा यांच्या मधोमध होता. दोन्ही टोकं टेकलेली, मध्ये पोकळ. इथे खोड स्वतःच्या वजनाने बसणार आणि काप वरून मिटणार. सव्वीस वर्षं पास्कल अशा वेळी मध्येच थांबे, वाकून बघे, कापात लाकडी पाचर ठोके आणि मग पुन्हा मूठ धरी. तिला वाटे, दम खायला निमित्त काढतो.

पाच वाजता, तीनातले दोन हिस्से काप झालेला असताना, करवत थांबली. तिने ओढली. पट्टी लोंबत राहिली. पातं लाकडाने दोन्ही बाजूंनी धरलं होतं, दातात सुपारी धरावी तसं. एरॉलने मूठ धरून हिसका द्यायला हात घातला, तिने तो हात बाजूला केला. मूठ निघाली असती. ती खोडावर बसली आणि तिच्या तोंडून कळंबच्या बंदरावरची एक शिवी गेली, जी लविनाने आईच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

ओटीवर पास्कल उजव्या हाताने खुर्चीच्या हातावर थापा मारत होता.

"आना त्यांना," उर्सुला म्हणाली.

एरॉलने आणि प्रल्हादने खुर्चीसकट उचलून त्याला खोडाशी ठेवलं. पास्कलने काप बघितला. घाई केली नाही. आधी रॉकेल मागितलं, पात्याच्या दोन्ही अंगांना सोडायला लावलं. मग पाचरी. कोणीही मधोमध ठोकली असती. त्याने एक अलीकडे लावली आणि तिथेच बोटाने धरून ठेवली. खोड पिळून बसलं होतं, ते त्याला दिसत होतं. घण त्याला उचलवणार नव्हता. त्याने उर्सुलाकडे पाहिलं.

आजवर घण त्याने मारला होता. तिने कधी नाही. त्याची उजव्या हाताची बोटं पाचरीवर होती, आणि तेवढाच हात त्याला उरला होता.

"बोट काढा," ती म्हणाली.

त्याने नकारार्थी मान हलवली. पाचर कलली असती.

तिने हळू मारला, मग थोडा जोरात. चौथ्या घावाला लाकूड करकरलं, काप केसभर उघडला आणि करवत सैल झाली. अंधारून आलं होतं. करवत तशीच कापात ठेवून सगळे उठले.

सोमवारी साडेसहाला ती खोडाशी होती, पास्कल शेजारी खुर्चीत. ती ओढत होती. तो बोट उचलायचा, ती थांबायची, पाचरीवर एक घाव, पुन्हा ओढ. आठ वाजता ट्रॅक्टर आला तेव्हा चार बोटं उरली होती. मुकादमाने घड्याळ पाहिलं, मग विडी पेटवली. सव्वाआठला खोड खालून तडकलं आणि शेवटचा ओंडका बसला. पहारीने तो कुंपणाच्या आत गेल्यावर ट्रॅक्टरने साखळी लावून बुडखा ओढून नेला.

मुकादम जाता जाता पास्कलच्या खुर्चीशी थांबला.

"पास्कलबाबा, नाव ऐकून होतो," तो म्हणाला. "बसल्या जागेवरून अख्खी चिंच कापून घेतलीत. मानलं."

एरॉलही हो हो म्हणाला. काकांचा अंदाजच तसा, अंधारातसुद्धा पाचर बरोबर बसवतील. उर्सुला भेंडीवरून ट्यूब सोडत होती. तिची पाठ त्यांच्याकडे होती.

पास्कलने उजवा हात उचलला. मान उर्सुलाकडे वळवली. ओठ हलायला लागले. शब्द आत कुठेतरी होता आणि वर येत नव्हता. मुकादमाने क्षणभर वाट पाहिली, मग हसून हात जोडले आणि निघाला. एरॉलला दुसऱ्या पाळीला वालीव गाठायचं होतं. रस्ता मोकळा झाला. एक टेम्पो भुश्यावरून गेला.

"ति... नं," पास्कल म्हणाला. "हिनं."

ऐकायला तिच्याशिवाय कोणी नव्हतं.

"राहू द्या," उर्सुला म्हणाली. "पुढच्या खेपेला बोलायला जरा लवकर सुरू करा."

तिने ट्यूब गुंडाळून प्रल्हादसाठी बाजूला ठेवली, हाताला नवी चिंधी बांधली आणि पहिला ओंडका उभा करून घेतला. नोव्हेंबर लागायच्या आत चारही फोडून, सालीची बाजू वर करून रचायचे होते. तिने पाचर लावली. पास्कलने खुर्चीतून बोट दाखवलं, थोडी डावीकडे. तिने दात आवळले, आणि पाचर थोडी डावीकडे घेतली. पहिल्या घावाला चिंच फुटली नाही. दुसऱ्यालाही नाही.