मी आखून दिलेले दिवस

शाळेच्या मागच्या भिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण रंगवलेला होता आणि गावातले पुरुष नेमके त्याच्याच खाली लघवीला उभे राहत. त्या त्रिकोणाचे खाली असलेले टोक दोन वर्षांत विरून गेले होते. मी रोज पदर नाकाला लावून तिथून जात असे आणि स्वतःला बजावत असे की या गावात आपण फार काळ राहणार नाही. प्राणिशास्त्रात पहिल्या वर्गाची बी.एस्सी., घर जालन्याला मस्तगडात. घनसावंगीहून जीपने तासभर आत असलेल्या या शाळेत एक वर्ष काढायचे आणि एम.एस्सी.साठी औरंगाबाद गाठायचे, असा माझा आराखडा होता.

जुलैत आरोग्य केंद्राचे डॉक्टर कुटुंबनियोजनावर बोलायला आले. व्याख्यान शिक्षकांसाठी होते. मुख्याध्यापक मला म्हणाले, "बाई, तुम्ही तेवढा नववीचा वर्ग सांभाळा. तुमचं अजून लग्न व्हायचंय."

"बसू द्या की सर," चित्रकलेचे शिक्षक म्हणाले, "बाईला पुढं कामाला येईल!"

सगळे हसले. मला अपमान वाटला. पण खरे सांगायचे तर त्याहून अधिक सुटल्यासारखे वाटले. नववीच्या वर्गात मी बेडकाचे जीवनचक्र फळ्यावर काढत होते आणि भिंतीपलीकडून त्या हसण्याचे हेलकावे येत होते. दुसऱ्या दिवशी माझ्या हजेरीपटात कुणीतरी निरोधचे पाकीट ठेवले. मी ते डस्टरने ढकलत टेबलाच्या कडेपर्यंत नेले, कचऱ्याच्या टोपलीत पाडले आणि दोनदा साबणाने हात धुतले. शिक्षकखोलीत टेबलाभोवती बसलेले सगळे खाली मान घालून वह्या तपासत होते. त्यांचे खांदे मात्र हलत होते.

दिवाळीच्या सुट्टीआधी दहावीतली एक मुलगी वर्ग सुटल्यावर मागे थांबली. वर्गात गणितात तीच पहिली. सोळा वर्षांची. उन्हाळ्यात तिचे लग्न झाले होते. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा होईपर्यंत तिने माहेरी राहावे, असे दोन्ही घरांत ठरले होते. फक्त दिवाळीचे वीस दिवस तिला सासरी जायचे होते.

"बाई," ती फळ्याकडे बघत म्हणाली, "मला परीक्षा द्यायचीच हाय. नर्सिंगला जायचंय मला. दिवाळीत काही झालं तर सासरा बिलकुल बसू देणार न्हाई. काही होऊ नये म्हणून काय करतेत?"

"आईला विचारलंस?"

"आई म्हणती, देवाच्या हातात असतं."

देवाच्या हातात! या दोन शब्दांनी मला ताव चढला. माझ्या पिशवीत शास्त्राची पदवी होती आणि समोर एक हुशार मुलगी प्रश्न विचारत होती. मला उत्तर येत नव्हते. सस्तन प्राण्यांच्या प्रजननसंस्थेची आकृती मी डोळे मिटून काढू शकत होते. पण माणसाच्या मुलीने काय करावे, हे कोणत्याही पुस्तकाने, कोणत्याही प्राध्यापकाने मला शिकवले नव्हते. आरोग्य केंद्राच्या नर्सबाई दर बुधवारी गावात येत. त्यांना विचारणे सोपे होते. पण विचारायचे म्हणजे मला माहीत नाही हे कबूल करायचे, आणि अविवाहित बाईने हा प्रश्न विचारल्याची बातमी संध्याकाळपर्यंत चित्रकलेच्या शिक्षकांपर्यंत पोचणार.

म्हणून मी तर्क केला. कुत्रीला रक्तस्राव होतो त्याच सुमारास ती माजावर येते. तेव्हा स्त्रीलाही पाळीच्या आगेमागेच गर्भ राहत असणार आणि मधले दिवस निर्धोक असणार. तर्क मला इतका सुबक वाटला की पडताळून पाहण्याची गरजच भासली नाही. मी तिच्या पाळीची तारीख विचारली, बियाण्यांच्या दुकानातून मिळालेले कॅलेंडर पिशवीतून काढले आणि टाळायच्या दिवसांभोवती तांबड्या पेन्सिलीने गोल आखले. मधले दिवस मोकळे सोडले.

"ह्या गोलातल्या दिवशी वेगळं झोपायचं."

"उपास धरला म्हणून सांगते," ती चटकन म्हणाली. "सासूला उपासाचं लई कौतुक हाय. तिच्यापाशीच झोपंन."

कॅलेंडरची घडी करून तिने भूमितीच्या पुस्तकात ठेवली. त्या संध्याकाळी मी त्रिकोणाच्या भिंतीवरून गेले तेव्हा नाकाला पदर लावायचेही विसरले, इतकी स्वतःवर खूश होते.

ती सुट्टीनंतर परत आली. डिसेंबरच्या मध्यावर वर्गात तिला मळमळू लागले. एका बुधवारी तिच्या आईने नर्सबाईंना घरी बोलावले. दुपारी नर्सबाई थेट माझ्या खोलीवर आल्या. पन्नाशीच्या, थकलेल्या, औषधांची पिशवी त्यांनी माझ्या पलंगावर आदळली.

"हे गोल तुमी काढले?" त्यांनी कॅलेंडर उलगडले.

"हो."

"अवो बाई, बराबर उलटं सांगितलं तुमी! मधल्या दिवसांतच तर राहातंय. पोरगी टाळायच्या दिवसांत उपास सोडून बसली, अन् नको त्या दिवसांत उपास धरला. अन् या वयात पाळीचा काय भरवसा? बराबर सांगितलं असतं तरी नुसत्या मोजण्यानं भागत न्हाई." त्यांनी पिशवीचे तोंड उघडून माझ्यापुढे धरले. आत निरोधची पाकिटे होती. "फुकट वाटते मी हे. नवरा तिचा कालेजात शिकून राह्यलाय, समजावलं असतं त्याला. मला एक शब्द विचारला असता तर?"

मग त्या जरा हलक्या आवाजात म्हणाल्या, "शिकलेल्या ना तुमी?"

मला किळस आली. इतके दिवस मी ती भिंतीची, हसणाऱ्यांची, त्या पाकिटाची समजत होते. आता ती माझ्याच हातांची होती, दोनदा धुतलेल्या स्वच्छ हातांची. मुख्याध्यापकांनी मला बाहेर पाठवले ते एकदाच. न शिकण्याची निवड त्यानंतर रोज मी स्वतः केली होती, आणि तिला मी प्रतिष्ठा म्हणत होते.

जानेवारीत सासरा बैलगाडी घेऊन आला. गरोदर सून परीक्षेच्या बाकावर बसलेली त्याला चालणार नव्हती. मी मुख्याध्यापकांना मध्ये पडायला सांगितले. ते म्हणाले, "पोर होणार ही आनंदाचीच गोष्ट आहे, बाई. त्यात शाळेनं काय बोलावं?"

ती शाळेची पुस्तके परत करायला आली. पुस्तकांना तिने नवी कव्हरे घातली होती.

"बाई, तुमी नीट सांगितलं होतं," ती म्हणाली. "माझीच मोजण्यात चूक झाली असंल."

तिचे गणित वर्गात कधी चुकले नव्हते. मला हे माहीत होते, तिलाही माहीत असावे. ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

"असेल," मी म्हणाले.

मार्चमध्ये आमच्या केंद्रावर तिच्या बाकावर खडूने लिहिलेला क्रमांक तिन्ही तास तसाच होता. पर्यवेक्षक म्हणून त्यापुढे गैरहजेरीची खूण मीच केली. जूनपर्यंत मी थांबले. नर्सबाईंना नववी-दहावीच्या मुलींसमोर उभे केले, आणि मुख्याध्यापक "बाई, हे जरा जास्त होतंय" म्हणत दारात आले तेव्हा दार आतून लावून घेतले. मी पहिल्या बाकावर मुलींमध्ये बसून उतरवून घेतले. मग मला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला आणि मी निघून आले.

तिला मुलगा झाल्याचे नर्सबाईंच्या पत्रातून कळले. परीक्षेचे पुन्हा कुणी नाव काढले नाही. तिच्या सासरच्या गावाला घनसावंगीहून जीप जाते. तिथे जाऊन एकच वाक्य सांगायचे आहे, की तुझे मोजणे बरोबर होते. तीन वर्षे झाली. मी अजून गेलेले नाही.